वेचणीच्या दिवसांतली हजेरी

परवा लॅपटॉप तापून आपोआप बंद पडायला लागला. उघडून पाहिला तर आतल्या इवल्या पंख्याला कापूस गुंडाळलेला. धूळ नव्हे, केस नव्हेत, चांगला पांढरा, लांब धाग्याचा कापूस. पुण्यातल्या सहकाऱ्याला फोनवर सांगितलं तर त्याला वाटलं मी थट्टा करतेय. आता त्याला काय सांगायचं! दिवाळी सरली की यवतमाळात कापूस कुठेही सापडतो. चहाच्या बशीत सापडतो, वाळत घातलेल्या ओल्या साडीला चिकटलेला असतो, रिक्षावाल्याच्या मिशीत असतो. सरकी काढायच्या जिनिंगकडे निघालेले ट्रक इतके फुगवून भरलेले असतात की वाटेवरची प्रत्येक बाभूळ त्यातून आपला वाटा काढून घेते. सकाळच्या उन्हात त्या काटेरी फांद्या पांढऱ्या दिसतात आणि हवेत सरकीचा तेलकट वास असतो.

तो पंखा साफ करताना मला सलीमभाईंची आठवण झाली, आणि मग अर्थातच मंदाची. कापसाच्या त्या वाईट वर्षांतल्या एका वेचणीच्या मोसमात या मुलीचं पुढचं शिक्षण माझ्या हातातल्या एका बटणावर लटकलं होतं. मला ते ठाऊक नव्हतं आणि मी ते बटण तीनदा दाबलं. इतकी वर्षं झाली, पण हे लिहिताना अजूनही कान गरम होतात.

सलीमभाई विहिरीवरच्या मोटारी वाइंडिंग करणाऱ्या घरातले. वडिलांच्या दुकानात तांब्याच्या तारा गुंडाळता गुंडाळता ते कधी संगणकाकडे वळले ते त्यांनाही सांगता येत नसे. बसस्टँडजवळच्या एका गाळ्यात त्यांचा इंटरनेट कॅफे होता. सहा मशीन, एक कुलर, भिंतीवर मक्केचं चित्र आणि त्याच्याशेजारी एसटीचं वेळापत्रक. वेचणीच्या दिवसांत दर आठवड्याला ते सगळे डबे उघडून सायकलच्या पंपानं आतला कापूस उडवायचे आणि म्हणायचे, "ज्योतीताई, अपने गाव का कॉम्प्युटर भी रजई ओढून बसते." प्रोग्रामिंगचं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. पण कोण कशासाठी आलंय, हे त्यांना माणूस दारात उभा राहताच कळायचं.

मी तेव्हा नुकतीच शिकून बाहेर पडले होते आणि घरी बसून पुण्याच्या एका छोट्या कंपनीचं काम करत होते. वडील सरकारी कचेरीत कारकून. आमच्या घरात किराण्याच्या यादीलासुद्धा जावक क्रमांक पडायचा, असं आई म्हणायची, आणि ती फारसं खोटं बोलत नव्हती. आडगावात बसून प्रोग्रामिंग शिकणाऱ्यांसाठी मराठीत एक फोरम काढायचा, ही कल्पना माझी. फोरम म्हणजे इंटरनेटवरची जाहीर बैठक. एकानं अडलेला प्रश्न टाकायचा, दुसऱ्यानं उत्तर द्यायचं आणि तिसऱ्यानं दोघांनाही शहाणपण शिकवायचं. मी त्याला एक भारदस्त, समासयुक्त नाव शोधून ठेवलं होतं. सलीमभाईंनी ते ऐकलं, चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, "हे नाव वाचूनच पोट्टे पळून जातील. टपरी ठेवा." मी आठ दिवस रुसले. मग टपरीच ठेवलं.

सलीमभाईंनी टपरीला एक रिवाज घालून दिला होता. नव्या माणसानं आल्या आल्या प्रश्न टाकायचा नाही, आधी हजेरी लावायची. हजेरीच्या पाच ओळी होत्या: नाव, गाव आणि पिनकोड, मशीन कोणतं, तुमच्याकडे लाइट किती ते किती असते, आणि सध्या कशात अडलात. त्यांच्या बापाच्या दुकानातली ती पद्धत होती. मोटार घेऊन आलेल्या माणसाला आधी बसवायचं, गाव विचारायचं, पाणी कितीवर आहे विचारायचं, आणि मग मोटारीला हात लावायचा. "आधी माणूस खोला, मग मशीन खोला," असं ते म्हणायचे. या पाच ओळींचे कागद छापून त्यांनी कंडक्टरांच्या हाती नेर, पांढरकवडा, दारव्हा, मिळेल त्या गावच्या कॅफेत पोचते केले होते. इंटरनेटवरच्या फोरमची जाहिरात एसटीनं हिंडणारी, हा प्रकार जगात दुसरीकडे झाला असेल असं मला वाटत नाही.

आणि लोक आले. कुणी तालुक्याचा मास्तर, कुणी पुण्यात नोकरीला लागलेला पण मन इकडेच राहिलेला, कुणी दुकान सांभाळत पुस्तकावरून शिकणारा. दिवसातून इतके तास लाइट जायची की लोक घाईत यायचे, अर्धं वाक्य लिहून गायब व्हायचे आणि दुसऱ्या दिवशी ते पूर्ण करायचे. बाहेरच्या लोकांना यवतमाळ तेव्हा एकाच बातमीनं माहीत होतं. हजेरीत गावाचं नाव लिहिलं की पुण्या-बंगलोरचा एखादा सदस्य हळहळ व्यक्त करायचा. नेरच्या एकानं वैतागून लिहिलं होतं, "साहेब, आमच्या गावात त्या बातमीशिवाय अजूनही बरंच काही आहे. सध्या माझा प्रोग्राम चालत नाही, ते पाहा." मला ते वाक्य इतकं आवडलं की मी ते कागदावर उतरवून भिंतीला लावलं होतं.

तरीही माझा जीव त्या हजेरीवर नाराज असायचा. मला टपरी मोठ्या परदेशी फोरमसारखी हवी होती, नेटकी आणि कामापुरती. विभाग, उपविभाग, एकच प्रश्न दोनदा आला की दुसऱ्याला कुलूप, विषय सोडून बोललं की समज. कारकुनाची पोर मी, फायलीत फाइल मिसळलेली मला खपत नसे. लोक हजेरीच्या विभागात पाऊसपाणी बोलायचे, कुणाच्या बहिणीचं लग्न ठरायचं, आणि मला वाटायचं, ही काय टपरी झाली! सलीमभाई म्हणायचे, "टपरीच आहे ना, ताई."

त्या मोसमात, दिवाळीनंतर, मी फोरम एका नव्या सर्व्हरवर हलवला. जुना फार रडायचा. हलवताना जागा वाचवायची म्हणून मी हजेरीचा अख्खा विभाग मागे ठेवला. सलीमभाईंना विचारलं नाही, नुसतं सांगितलं. त्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला नाही. त्यांच्या रागाची भाषा एवढीच होती.

अति शहाणा त्याचा बैल रिकामा. हलवताना माझ्याकडून आणखी एक गोष्ट राहून गेली होती, ती मात्र मला कळलीच नाही. नव्या जागी देवनागरी अक्षरं टिकत नव्हती. लिहिणारा मराठी लिहायचा आणि साठवताना प्रत्येक अक्षराचं प्रश्नचिन्ह व्हायचं. हे लक्षात यायला हवं होतं, पण बहुतेक सदस्य तेव्हा मराठीसुद्धा इंग्रजी अक्षरांतच लिहायचे, कारण पुष्कळशा कॅफेतल्या मशीनवर दुसरी सोयच नसे. देवनागरी असायची ती मुख्यतः हजेरीच्या विभागात, नाव-गाव लिहिताना. आणि तो तर मीच मागे टाकून आले होते.

अशातच एक नवं खातं उघडलं गेलं आणि त्यावरून एक पोस्ट आली. वरपासून खालपर्यंत नुसती प्रश्नचिन्हं, मधेमधे आकडे. त्या काळात फोरमवर कचरा फार यायचा, औषधांच्या जाहिराती, लॉटऱ्या, अगम्य अक्षरांचे ढीग. मी ती पुसली. दोन दिवसांनी त्याच नावानं पुन्हा प्रश्नचिन्हं आली. पुन्हा पुसली. तिसऱ्यांदा आली तेव्हा मी चिडले. पोस्ट पुसली आणि ते खातंच बंद करून टाकलं. बंद केलेल्याला पडद्यावर एक ओळ दिसायची, इंग्रजीत, की तुम्हाला इथे प्रवेश नाही. ती ओळ मीच लिहिली होती. आणि तेव्हा मला ती फार रुबाबदार वाटली होती.

पुसलेल्या पोस्टी काही दिवस एका पेटीत पडून राहायच्या. चारेक दिवसांनी, दुपारी, मी ती पेटी रिकामी करत बसले होते. सलीमभाई मागे उभे राहून पडद्याकडे बघत होते. चहाचा अबोला अजून चालू होता. अचानक ते म्हणाले, "थांबा. ये क्या पुसून राह्यल्या तुम्ही?"

"कचरा आहे."

"कचरा नाही है, ताई. कचरा असा रांगेत बसत नाही." त्यांनी पडद्यावर बोट टेकवलं. "देखो, पाच ओळी. पहिलीत दोन शब्द. दुसरीत दोन शब्द अन् सहा आकडे. तिसरीत आकडे, मशीनचे. चौथीत अकरा ते दोन." मग त्यांचा आवाज बारीक झाला. "ताई, हे तर हजेरी आहे. हे पोरगं आपलं नाव सांगून राह्यलं आपल्याले."

मी पाहिलं. एकदा दिसल्यावर मग दुसरं काही दिसेना. शब्द सुटे होते. वाक्यं होती. कुठे थांबायचं, कुठे नवी ओळ घ्यायची, सगळं जागच्या जागी होतं, फक्त अक्षरं नव्हती. कुणीतरी इतकं नीट बोललं होतं आणि मी त्याला तीनदा दाराबाहेर काढलं होतं.

सहा आकड्यांचा पिनकोड पांढरकवड्याचा निघाला. खातं उघडताना दिलेला ईमेल कुठल्याशा कॅफेनं सगळ्या गिऱ्हाइकांसाठी काढलेला होता. त्यावर पत्र पाठवलं, उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सलीमभाईंनी कॅफेला कुलूप लावलं आणि आम्ही पांढरकवड्याच्या एसटीत बसलो. फोरम चालवणाऱ्यानं सदस्याला शोधायला एसटीनं जावं, हे माझ्या कुठल्याच नियमात बसत नव्हतं. वाटेत दोन्हीकडे शेतं फुटून पांढरी झालेली, आणि आमच्या गाडीपुढे कापसाचा ट्रक, जो शेवटपर्यंत बाजू देईना. खिडकीतून कापूस आत येत होता. सलीमभाईंनी प्रवासभर मला एका शब्दानं दोष दिला नाही. दिला असता तर बरं वाटलं असतं.

पांढरकवड्यात, हायवेच्या बाजूला, ट्रकच्या टायरच्या दुकानाशेजारी एक कॅफे सापडला. भिंतीवर आमचा पाच ओळींचा कागद होता, कोपरे पिवळे पडलेला. मालकाला विचारलं तर तो म्हणाला, "अकरा ते दोन येणारी? मंदा आत्राम. इथल्याच कॉलेजात आहे. तिची प्रोजेक्टची परीक्षा आहे ना सोमवारी. मागच्या खेपेले त्यातच राह्यली होती. आता राह्यली त शिक्षण बंद, असं घरी बोलणं झालं म्हणे."

"मग आता कुठे आहे?"

"येत नाही चार दिवसापासून. मी म्हटलं काहून वं, त म्हणे त्यायनं मले काढून टाकलं. येचाले जाऊन राह्यली आता मायसंगं."

तो गुरुवार होता.

गावापासून थोडं आत, पळसाच्या रांगेपलीकडच्या शेतात बायका वेचणी करत होत्या. कमरेला कापडाच्या ओट्या बांधलेल्या, कापसानं फुगलेल्या. मंदा उंच, सावळी, भुवयांवर कापसाचे तंतू. तिनं आम्हाला पाहिलं आणि हात तसाच बोंडावर ठेवून उभी राहिली. वाळलेल्या बोंडांची टोकं सुईसारखी असतात. तिची बोटं ठिकठिकाणी चिरलेली होती. या बोटांनी ही टाइप कशी करत असेल, असा एक निरर्थक विचार माझ्या मनात आला, कारण खरा विचार करायची हिंमत होत नव्हती.

सलीमभाई पुढे झाले. "बेटा, मी टपरीवाला सलीम. तुझी हजेरी भेटली. जरा उशिरा भेटली."

ती माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमी पुसत होत्या का?"

"हो," मी म्हटलं. "मीच. माझी चूक झाली, मंदा. तू लिहिलेलं एक अक्षर मला दिसलं नाही, आणि मी कचरा समजून पुसलं. मला माफ कर."

"मले वाटलं, माहा प्रश्नच अडाणी असन," ती म्हणाली. तिची आई मागून कोलामीत, त्यांच्या घरच्या बोलीत, काहीतरी म्हणाली, त्यावर ती किंचित हसली. काय म्हणाली ते मी विचारलं नाही. माझ्याबद्दल असणार आणि बरोबरच असणार.

तिचा प्रश्न काय होता हे तिनं शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून सांगितलं, आणि मी डोक्याला हात लावला. आश्रमशाळेच्या पोरांचा हजेरीपट मराठीत ठेवणारा प्रोग्राम तिनं केला होता. विषय तसाच मंजूर झालेला, आता बदलता येत नव्हता. आणि पोरांची नावं साठवली की त्यांची प्रश्नचिन्हं होत होती. ज्या दुखण्याचं औषध विचारायला ती आमच्याकडे आली होती, तेच दुखणं आमच्या दारात होतं आणि त्यानंच तिचा प्रश्न खाल्ला होता. फोरमच्या मालकिणीला त्याचं उत्तर येत नव्हतं, हे वर.

"सरायले इचारलं, त सर म्हणे इंग्रजीत टाक. आता माह्या गावातल्या पोट्ट्यायचे नावं इंग्रजीत कोणाले वाचता येईन?" ती म्हणाली. मग ओटीतला कापूस चापटत, स्वतःशीच बोलल्यासारखी: "मी येचता येचता इचार करून राह्यलो होतो. लिहितो ते पान बरोबर आहे. ठेवतो ते पेटी बरोबर आहे. दोन्ही तपासले. मंग मधात कोण घाण करते?"

"गाडी," सलीमभाई सहज म्हणाले. "शेतात माल साफ, जिनात जागा साफ, अन् गाडीत कोंबड्या बसवल्या, त काय होईन?"

आम्ही दोघींनी एकदम त्यांच्याकडे पाहिलं. त्यांना प्रोग्रामिंगचं ओ की ठो कळत नव्हतं, हे मी आधीच लिहिलंय.

अकराला लाइट येणार होती. आम्ही जवळजवळ पळतच कॅफेत आलो. लिहिण्याचं पान आणि साठवण्याची पेटी यांच्यामधला जो दुवा, त्यालाही वेगळं सांगावं लागतं की आता येणारं देवनागरी आहे, नीट ने. माहितीपुस्तकात त्यासाठी एक ओळ होती. शोधायला दीड तास गेला, घालायला मिनिटभर. मंदानं चिरलेल्या बोटांनी आपलं नाव लिहिलं, साठवलं, पान पुन्हा उघडलं. मंदा आत्राम. अक्षर न् अक्षर जागेवर. ती ओरडली नाही की हसली नाही. तिनं पुढचं नाव टाकलं, मग त्याच्या पुढचं, आणि दोन वाजता लाइट गेली तेव्हा पहिलीचा अख्खा वर्ग आत बसला होता.

त्याच दुपारी परत येताना मी एसटीत ठरवलं, आणि दुसऱ्या दिवशी फोरमच्या मधल्या दुव्यालाही तीच ओळ घातली. हजेरीचा विभाग जुन्या सर्व्हरवरून शोधून आणला आणि सगळ्यांच्या वर ठेवला. सलीमभाईंनी चहा मागवला, दोन.

नंतर टपरी बरीच वर्षं चालली. मग लोक हळूहळू मोठ्या परदेशी जागांकडे गेले, तिथून फोनवरच्या गटांकडे गेले. तिथे कुणी गाव विचारत नाही. सलीमभाईंनी कॅफे मिटवून मोबाइल दुरुस्ती सुरू केली, तीही आता त्यांचा पुतण्या बघतो. मी अजूनही हेच काम करते, फक्त मोठ्या कंपनीसाठी, हजारो लोकांच्या फोरमवर. कचरा ओळखायला आता यंत्र आहे. ते पटापट पुसतं आणि मी तिथे नसले तरी चालतं. पण दुधानं तोंड पोळलेलं आहे, मी ताकही फुंकून पिते. रोज सकाळी त्याची पेटी उघडून एकेक पुसलेली पोस्ट वाचते. सहकारी हसतात. त्या साऱ्या कचऱ्यात क्वचित कुणी माणूस सापडतं. सापडलं की आधी गाव विचारते.

मंदा पास झाली. परीक्षा घ्यायला आलेल्या साहेबांनी स्वतःचं नाव मराठीत टाकून पाहिलं म्हणे, आणि ते दिसल्यावर पुन्हा एकदा टाकून पाहिलं. निकाल लागला त्या आठवड्यात ती बोरं घेऊन यवतमाळला आली. कॅफेच्या बाकावर बसून आम्ही तिघांनी ती मीठ लावून खाल्ली. मी खुशीत होते. तिला म्हटलं, "मंदा, त्या तीन पोस्टी काही परत येत नाहीत. एकदा प्रश्नचिन्ह होऊन साठवलं गेलं की आतलं अक्षर कायमचं गेलं. पण तू काय लिहिलं होतंस ते सांग, मी तुझ्या नावानं पुन्हा टाकते. टपरीवर राहू दे."

"पहिली त हजेरी होती," ती म्हणाली. "दुसऱ्यात प्रश्न."

"आणि तिसरी?"

ती बोराची बी बोटांत फिरवत राहिली.

"तिसऱ्यात प्रश्न नोयता, ताई. तिसऱ्यात मीनं लिवलं होतं, माह्याकडून काई चुकलं असन त माफ करा. अन् काय चुकलं, तेवढं फक्त सांगा."

त्याच पोस्टवर मी तिचं खातं बंद केलं होतं.